बेरीज शंभरच्या पुढे

घरातलं झालेलं काम दिसत नाही, राहिलेलं तेवढं दिसतं. पुसलेल्या फरशीकडे कोणी कौतुकाने बघत उभं राहत नाही. तिच्यावर सांडलेलं मात्र दारातूनच डोळ्यात भरतं. आमच्याकडे टूथपेस्टची जुनी ट्यूब पिळून पिळून चपटी व्हायला आली की तिच्या शेजारी नवी येऊन बसलेली असते. हे काम नवऱ्याचं. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही आणि माझ्या लक्षात यायचंही काही कारण नव्हतं, कारण आमची पेस्ट कधी संपलीच नाही.

सुखाची पंचाईत ही अशी आहे. नीट चाललेल्या गोष्टी आवाज करत नाहीत. जर्मनीत २४,००० हून अधिक माणसांना पंधरा वर्षं दरवर्षी विचारत गेले की आयुष्यात किती समाधानी आहात. २००३ साली त्यावर निबंध आला. लग्नाच्या सुमारास समाधान वर चढतं आणि पुढे, सरासरी पाहिली तर, जिथून निघालं तिथेच येऊन टेकतं. संसार केलेल्या माणसाला हे ऐकून फारसा धक्का बसणार नाही. मला तर त्यात वाईट वाटण्यासारखंही काही दिसत नाही. सवय झाली म्हणजे माया आटली असं थोडंच आहे? ज्याची काळजी वाटत नाही त्याच्याकडे लक्ष जात नाही, एवढंच.

पण लक्ष गेलं नाही की हिशेब चुकतो, आणि घरातल्या निम्म्या कुरबुरी या चुकलेल्या हिशेबातूनच निघतात. कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली यावरच एक गमतीदार पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी ३७ जोडप्यांना घरातल्या वीस गोष्टींची यादी दिली आणि नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, यात तुमचा वाटा किती? एका रेघेवर खूण करायची. दोघांच्या खुणा एकत्र केल्या, तर बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. आता घर तर एकच. मग वरचं काम आलं कुठून?

खोटं कोणीच बोलत नव्हतं. उदाहरणं विचारली तेव्हा प्रत्येकाला स्वतःच्या कामांची जास्त आठवली. साहजिकच आहे. मी काही करते तेव्हा मी तिथे हजर असते, कंबर माझीच दुखत असते. तो काही करतो तेव्हा मी दुसऱ्या खोलीत असते, बाहेर असते, नाहीतर झोपलेली असते.

झोपलेली म्हटल्यावर आठवलं. माझा नवरा रात्री उठतो तेव्हा दिवा लावत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर तळहात धरतो, म्हणजे बोटांच्या फटींतून लालसर उजेड जेमतेम पावलापुरता पडतो. तसाच चाचपडत तो दाराची कडी बघतो, मुलीच्या अंगावरचं पांघरूण बघतो आणि परत येतो. एकदा मी जागी होते म्हणून हे दिसलं. मी झोपेत असताना हे किती वेळा झालं असेल ते माझ्या खात्यात कुठे मांडायचं? तेव्हापासून हिशेब करायची वेळ आली की न पाहिलेल्या कामांसाठी म्हणून मी थोडी रक्कम आधीच बाजूला काढते.

मात्र एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. कृतज्ञतेच्या नावाखाली घरातल्या एकाच माणसाला राबवून घेणं मला पटत नाही. एकजण दिवसभर खपणार आणि दुसऱ्याने स्वतःचं ताट उचललं की त्याच्या नावाने आरती, असं काही घरांत चालतं. तिथे आधी कामं वाटून घ्यावीत, आभाराचं मग बघू.

जिथे वाटणी बऱ्यापैकी सरळ आहे, तिथला एक उपाय मला आवडतो. २००८ सालच्या एका अभ्यासात काही माणसांना ‘जोडीदार कसा भेटला’ ते लिहायला सांगितलं आणि काहींना ‘कदाचित भेटलाच नसता, ते कसं’ हे. दुसऱ्या गटातली माणसं आपल्या नात्यावर जास्त खूश दिसली. मीही करून बघितलं. त्या दिवशी मला बरं नसतं, मी गेलेच नसते, किंवा तो पाच मिनिटं आधी निघून गेला असता... लिहिता लिहिता पोटात गोळा आला. बाहेर येऊन बघते तर हे महाशय ओला टॉवेल पलंगावर टाकून बसलेले. टॉवेल मीच उचलला, पण त्या दिवशी तो जरा हलका लागला.

रॉस-सिकोलींच्या यादीत ‘भांडण सुरू करणं’ हेही होतं आणि गंमत म्हणजे अशा नावडत्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा वाढवूनच सांगितला होता. मी नवऱ्याला कागद दिला. त्याने रेघेवर आपल्या बाजूला भली मोठी खूण केली. मी म्हटलं, ‘‘काहीतरीच काय, भांडणं तर मीच काढते.’’ तो म्हणाला, ‘‘छे, माझंच तोंड आधी सुटतं.’’ बोलता बोलता आवाज चढले, तेव्हा मुलगी आतून ओरडली, ‘‘आता हे कोणी सुरू केलं?’’