लाकडी वाडगा घासायला कोणतं ड्रिल घ्यावं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपूरच्या लकडगंजातून सागाचा किंवा शिसमाचा ठोकळा आणून लेथवर (लाकूड फिरवून कोरायच्या यंत्रावर) पहिला वाडगा काढला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आतून घासून गुळगुळीत करायला काय घेऊ? घरात अँगल ग्राइंडर आहे, तो चालेल का?"

नाही चालणार. साधा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. त्यावर १०० मिमीची चकती लावली तर तिची कड सेकंदाला जवळपास ५८ मीटर धावते, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. लाकूड घासलं जाण्याआधी जळतं, चकती धरून ठेवणारा व्हेल्क्रो वितळतो आणि चकती सुटून उडते.

अँगल ड्रिल घ्या. त्याचं डोकं काटकोनात वळलेलं असतं, त्यामुळे खोल वाडग्यातही ते भिंतीला नीट टेकतं. सरळ ड्रिलचं अंग काठाला अडतं. उथळ, पसरट वाडग्याला मात्र घरातलं सरळ ड्रिल पुरतं, त्यासाठी नवा खर्च करू नका. घेताना ट्रिगरवर वेग कमी-जास्त करता येतो का आणि दोन हातांत पकड नीट बसते का, एवढं बघा. वॅटचा आकडा दुय्यम.

ड्रिलला ५० मिमीचा फोम पॅड लावा, मोठ्या वाडग्याला ७५ मिमीचा. फोम मऊ हवा, म्हणजे तो गोलाईला वाकतो. पॉलिश पेपरची चकती पॅडपेक्षा थोडी मोठी ठेवा. पॅडची कड उघडी राहिली तर आत अर्धगोल खुणा पडतात आणि त्या काढण्यात संध्याकाळ जाते.

वेग असा: लेथ मिनिटाला ३०० ते ४०० फेरे, ड्रिल १५०० च्या आसपास. २५ सेंमीचा वाडगा ४०० फेऱ्यांवर फिरतो तेव्हा काठ सेकंदाला पाच मीटर धावतो, तळाचा मध्यबिंदू मात्र जवळजवळ जागेवरच असतो. म्हणूनच नुसत्या हाताने धरलेला पेपर मध्यभागी काही करत नाही. तिथे फिरणारी चकतीच कामाची.

लेथ नेहमीच्या दिशेने फिरत असताना तुमच्या बाजूची भिंत खाली येते. चकतीची वर जाणारी कड तिथे टेकवा, म्हणजे दोघं उलट दिशेने घासतात आणि ड्रिल हातात शांत राहतं. खाली जाणारी कड टेकवली तर ते पळायला बघतं. लेथ उलटा फिरवणार असाल तर आधी चकचा, म्हणजे वाडगा धरणाऱ्या पकडीचा, स्क्रू घट्ट करा, नाहीतर चक वाडग्यासकट सुटून येतो.

हत्याराच्या खुणा खोल असतील तरच ८० नंबरचा पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक), नाहीतर १२० पासून सुरू करा. मग १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबरनंतर धूळ पुसा. ८० चा एक सुटा कण २४० च्या वेळी मध्ये आला तर ओरखडा पुन्हा पडतो. १८० झाला की लेथ थांबवून टॉर्च आडवा धरा. आडव्या ठोकळ्यातून काढलेल्या वाडग्यात लाकडाच्या रेषा छेदल्या गेलेल्या दोन जागा समोरासमोर खरबरीत राहतात, आणि त्या फिरत्या वाडग्यावर दिसत नाहीत. लेथ बंद ठेवून तेवढ्याच जागा ड्रिलने घासा. मोठा नंबर लावला की ओरखडा आपोआप जाईल, ही आशा खोटी आहे.

मधूनमधून भिंतीच्या मागे अंगठा लावा. गरम लागलं तर हात हलका करा किंवा पेपर बदला. सागाला तेल असतं, त्याने पेपर लवकर भरतो, आणि भरलेला पेपर कापत नाही, फक्त तापवतो. अशा तापलेल्या लाकडात बारीक तडे जातात. ओल्या लाकडात तर हमखास.

आणि उन्हाळ्यात कुलर लेथकडे तोंड करून लावू नका. आपल्या उकाड्यात मोह होतो, पण तो वारा सगळी धूळ नाकात घालतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाला एन-९५ बांधा, व्हॅक्यूमची नळी वाडग्याच्या मागे ठेवा आणि काम संपलं की ड्रिलच्या जाळीतली धूळ फुंकून काढा. मोटर तीच हवा ओढत असते.