तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापूरकराला आगबोटीचं एवढं काय?

"कोल्हापुरात ना समुद्र, ना बंदर. मग तुम्हाला आगबोटींचं एवढं वेड कशाचं?" घरी येणारे माझं पुस्तकांचं कपाट बघून विचारतात, आणि सीपीआर या आमच्या सरकारी दवाखान्याच्या चौकात उभं राहून मी बोलायला लागलो की सोबतचे विचारतात. उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून एकदा सवडीनं लिहितो.

आगबोटीनं प्रवास वेगवान केला, हे सगळेच सांगतात. मला तिची मोठी करामत वाटते ती ही, की तिनं समुद्राच्या प्रवासाला तारीख दिली. शिडाचं जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालायचं. पावसाळ्यात मुंबईहून तांबड्या समुद्राकडे निघायचं तर वारा थेट तोंडावर. निघणार कधी, पोचणार कधी आणि परत येणार कधी, काहीच छातीठोक सांगता येत नसे. बॉयलर पेटला आणि माणूस पहिल्यांदाच म्हणू शकला, अमुक आठवड्यात जातो, अमुक महिन्यात येतो.

अर्थात हे एका दिवसात झालं नाही. 1807 मध्ये अमेरिकेत फुल्टन यांची वाफेची बोट हडसन नदीतून न्यूयॉर्कहून ऑल्बनीला 32 तासांत गेली, पण ती नदी होती. काठावर लाकूड तोडा, भट्टीत घाला, पुढे चला. समुद्रात जळण आणणार कुठून? मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' 20 मार्च 1830 ला सुएझला निघाली, तेव्हा हीच पंचाईत होती. बोटीत जागा जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची, आणि एडनपर्यंतचा पल्ला त्याच्या दुप्पट. मग प्रवाशांच्या खोल्यांतही कोळसा भरला. एडन गाठलं तेव्हा तो जवळजवळ संपलेला होता. तरी महिन्याभरात ती सुएझला लागली. पुढे इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली, 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला, आणि आफ्रिकेला वळसा घालून जिथे चार-पाच महिने जायचे तिथे विलायत तीन-चार आठवड्यांवर आली.

आता कोल्हापूर. कालवा उघडला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1870 मध्ये, आपले राजाराम महाराज विलायतेला गेले. वय वीस. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला, असं मानणारा तो काळ, आणि समुद्रापार जाणाऱ्या पहिल्या संस्थानिकांत हा तरुण राजा. त्यांनी इंग्लंड पाहिलं, राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर 1870 ला इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, त्यांचं निधन झालं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. त्या शहरानं असा अंत्यविधी कधी पाहिला नव्हता. आज तिथे त्यांची छत्री आहे, आत अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही त्या 'भारतीया'चंच नाव आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. आपला नवा राजवाडा आणि सीपीआरची जुनी इमारत ज्यांनी आखली, तेच मँट. पंचगंगेच्या गावचा राजा आर्नोच्या काठी, आणि दोन्हीकडच्या दगडांवर एकाच माणसाची रेघ. हे मला जेव्हा कळलं तेव्हापासून सीपीआरवरून नुसतं पुढे जाता येत नाही.

त्याच इमारतीची दुसरी गोष्ट आनंदीबाई जोशींची. एप्रिल 1883 मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा बरोबर नाही, नात्यातलं कुणी नाही. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि त्यांना नेमणूक मिळाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांच्या विभागाची प्रमुख म्हणून. त्या परत आल्या त्या क्षयानं पोखरून. कोल्हापूरला येऊन रुजू होणं झालंच नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. आपल्या गावच्या किती बायकांना त्या तपासणार होत्या, हा विचार मनातून जात नाही.

तिसरी गोष्ट सुखाची आहे. 1902 मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. सोहळा 26 जूनला व्हायचा होता, पण राजा आजारी पडला आणि तो 9 ऑगस्टवर गेला. या मधल्या काळात, महाराज परदेशात असतानाच, 26 जुलैला कोल्हापूर संस्थानाचा तो जाहीरनामा निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी. राजा समुद्रापार आणि कारभार इथे चालू. दर आठवड्याला मुंबईहून टपालबोट सुटत होती, तारा होत्या, परतीचा महिना ठाऊक होता. शिडाच्या जहाजांच्या जमान्यात कुठला राजा गादी सोडून इतके महिने निर्धास्त गेला असता?

रोजच्या जगण्यातही आगबोट होतीच. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये आली. त्याआधी मुंबई गाठायची एक वाट घाट उतरून कोकणातल्या बंदरावर आणि तिथून बोटीनं अशी होती. माझी आजी मालवणची. बोट खोल पाण्यात उभी राही, आणि काठावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी पोरांना उचलून डेकवर घेत, असं ती सांगायची. पावसाळ्यात मालवणकडच्या या लांबच्या बोटी बंद. आणि 17 जुलै 1947 चं नाव काढलं की गप्प व्हायची. त्या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

या बोटींचं मी नुसतं कौतुक करत नाही. पहिल्या अफूच्या युद्धात चीनच्या नद्यांतून इंग्रजांच्या तोफा आत नेल्या त्या वाफेच्या 'नेमेसिस'नंच. बोट ज्याची, दर्यावर हुकूम त्याचा, हे आपल्याकडे फार नीट ओळखलं ते चिदंबरम पिल्ले यांनी. 1906 मध्ये तुतिकोरिनला त्यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, कोलंबोपर्यंत बोटी चालवल्या. समोरच्या इंग्रज कंपनीनं भाडी पाडली, सरकारनं त्यांना तुरुंगात घातलं आणि कोलू ओढायला लावला. सिंदिया या भारतीय कंपनीची 'लॉयल्टी' 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आपण सागरी दिन म्हणून पाळतो. पिल्ल्यांच्या नावाचाही एखादा दिवस शाळांतून पाळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि खाली भट्टीपुढची माणसं. आपल्याकडे गुऱ्हाळात चुलवाणापुढे जो चिपाडं सारत बसतो, त्याची धग आठवा. तीच धग लोखंडी तळघरात, तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यात, पाळीमागून पाळी. मोठ्या विलायती बोटींवर आगवाले बहुतेक पंजाब-पेशावरकडचे, पॅन्ट्रीत गोवेकर, आणि डेकवर सारंगाच्या हाताखाली आपले कोकणातले खलाशी, त्यांत रत्नागिरीकडचे मुसलमान पुष्कळ. राजाराम महाराजांची रोजनिशी 1872 मध्ये लंडनला छापली गेली. या माणसांचं लिहिलेलं फार थोडं उरलंय.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या आजोळी, राजापूर-दाभोळकडे, कुणाचे पणजोबा बोटीवर होते असं कळलं, तर त्यांचं नोकरीचं पुस्तक, एखादं पत्र, फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. मला सांगा. गगनबावड्याचा घाट उतरून मी स्वतः येतो, आणि त्यांच्या घरातली म्हातारी माणसं जे सांगतील ते उतरवून घेतो.