तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पण हे वापरतं कोण?’

चिकट झालेली वस्तू कशानं पुसायची असं कुणी विचारलं की मी आधी ‘ती वापरतं कोण?’ असं उलट विचारतो. टिळकवाडीतल्या शेजाऱ्यांपासून निपाणीच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांना याचा राग येतो. उपाय विचारला तर चौकशी कसली करताय, म्हणतात. तर एकदाच सांगतो.

उपाय मला येतो, हे आधी. येत नाही म्हणून टाळतो असा समज नको. जुना माऊस, हेअर ड्रायर, दुर्बीण यांच्यावरचा रबरासारखा मऊ मुलामा बहुतेकदा रबर नसतोच, पॉलियुरेथेनचा रंग असतो. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो आणि काही वर्षांनी तो पाघळतो. आमच्या बेळगावात जूनमध्ये लावलेलं कपाट गणपतीला उघडलं तर चामड्याच्या पट्ट्याला बुरशी आलेली असते, तिथं त्या रंगाचं काय घेऊन बसलात! पावडर लावली की दोन दिवस बरं. खोबरेल लावणाऱ्यांना माझा नमस्कार. सेल काढून ठेवायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोल वस्तूवर न ओतता फडक्यावर घ्यायचं आणि काचेसारख्या पारदर्शक भागापासून लांब राहून चोळत बसायचं. काळी मळी निघत जाते, खाली कडक प्लास्टिक लागतं. 2020 सालचं पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर उरलं असेल तर तेही चालतं, जेल नको. थिनरला आणि अ‍ॅसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरला तर शिवूच नका, खालचं प्लास्टिकच विरघळायला लागतं. सबंध मूठच रबरी असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यात मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य बाहेर येत राहतं, आज पुसलं तरी उद्या पुन्हा चिकट.

झालं. आता आप्पांचा रेडिओ.

हाताच्या पंज्याएवढा, काळा, कडेला अंगठ्यानं फिरवायचं चाक. काचबिंदूनं आप्पांची नजर जवळजवळ गेली तरी सकाळी सांगली आणि संध्याकाळी धारवाड हा नेम चुकला नव्हता. रेडिओ मात्र बघवत नव्हता. धूळ, केस, शर्टाच्या खिशातले धागे, सगळं त्याला चिकटलेलं. आप्पांची बोटं काळी व्हायची आणि त्याच हातानं ते भाकरी मोडायचे. माझं फार काही चुकलं असं मला म्हणूनच आजही वाटत नाही. निदान दुपारी चारपर्यंत तरी नाही.

आप्पा झोपलेले असताना मी तासभर बसून रेडिओ पुसला. चाकाच्या कडाही सोडल्या नाहीत, कान साफ करायच्या काड्या घेऊन कोपरा न् कोपरा काढला. नव्यासारखा दिसायला लागला. बायकोला दाखवला, फोटोसुद्धा काढला.

आप्पा उठले, रेडिओ हातात घेतला, बटण दाबलं. अंगठा चाकावर गेला, फिरला, परत आला, पुन्हा फिरला. नुसती खरखर.

‘‘सगळं पुसलास काय रे?’’

‘‘होय आप्पा, पुसलो.’’ (पुण्याची मंडळी या ‘पुसलो’ला हसतात. हसू देत.)

‘‘चाकपण?’’

मग समजलं. मुलामा मऊ पडला तेव्हा आप्पांनी नखानं चाकावर दोन जागा खरवडून प्लास्टिक उघडं केलं होतं. अंगठ्याला चिकटात गुळगुळीत लागलं की एकेरी जागेला सांगली, जोडजागेला धारवाड. मला ते ओरखडे वाटले होते. आता सगळं चाकच गुळगुळीत.

आप्पा रागावले नाहीत. रेडिओ बंद करून खिशात ठेवला आणि ‘‘स्वच्छ झालाय खरं’’ म्हणाले. आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’सुद्धा होतं. पुढं काही येईल म्हणून मी थांबलो. आलं नाही.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: मला काय स्वप्न पडलं होतं? अरे, पण विचारायला काय झालं होतं? आणि विचारलं असतं तरी आप्पा ‘पूस की’ असंच म्हणाले असते. पोराच्या उत्साहाला ते कधी आडवे गेले नाहीत. मग माझ्या त्या प्रश्नाचा तरी काय उपयोग, असं मेहुण्यानं म्हटलं तर माझ्याकडं उत्तर नाही. तरी विचारतो.

आईनं चाकावर टिकली लावून बघितली, ती पावसाळ्यात सुटली. शेवटी मी कटरनं खाचा पाडल्या, एक आणि दोन. आप्पा ‘‘बरं झालं’’ म्हणतात. अंगठा मात्र खाचेवरून पुढं सरकतो, खरखर ऐकतो आणि मग मागं येतो.