‘व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे, थोडा घुमणारच’

माझा गिटारचा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा. त्याची घूंऽऽ घालवायला दिला, तर तीन आठवडे ठेवून घेतल्यावर दुरुस्तीवाल्याने मला हे एवढंच ऐकवलं. व्हॉल्व्ह मात्र सगळे बदलले होते आणि त्याचं बिलही चोख होतं. घरी आणून चालू केला, तर घूंऽऽ जशीच्या तशी. पुढचं सगळं मी शिकले ते निम्मं त्या रागापायी.

अ‍ॅम्प साधाच आहे. सिग्नल वाढवणारे दोन छोटे १२एएक्स७ व्हॉल्व्ह, स्पीकर चालवायला ६व्ही६ची जोडी, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. चासी (आतला धातूचा सांगाडा) बाहेर काढणं, धूळ झाडणं, पॉट (व्हॉल्यूमसारख्या बटणांमागचे फिरते रेझिस्टर) आणि सॉकेटना कॉन्टॅक्ट क्लीनर मारणं यात एक दुपार गेली आणि खरखर संपली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

विजेबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. प्लग काढला तरी डीसीची लहर सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट डीसी दबा धरून बसलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवणारे शूरवीर असतात, मी त्यांतली नाही. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घेतला. त्याचं एक टोक क्लिपने चासीला, दुसरं इन्सुलेटेड प्रोबने कपॅसिटरच्या प्लसला लावलं, आणि मोकळा हात खिशात. मग मीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री. रिकामे केलेले कपॅसिटर थोडे पुन्हा चढतात, त्यामुळे फोन घ्यायला उठून आले तरी परत मोजायचे.

फिल्टर कपॅसिटर मूळचेच होते आणि एकाच्या बुडाशी चिकट तपकिरी थर आला होता. तीन आठवड्यांत हे कुणाला दिसलं नाही! २० मायक्रोफॅरॅड, ४५० व्होल्टच्या जागी २२ मायक्रोफॅरॅड, ५०० व्होल्टचे घातले. पोलॅरिटी उलटी लागली तर कपॅसिटर फुटतो, म्हणून जुने उपटायच्या आधी फोटो काढून ठेवले. पहिल्यांदा चालू करताना अ‍ॅम्पकडे येणाऱ्या विजेच्या वाटेत, सिरीजमध्ये बल्ब लावला. तो सुरुवातीला उजळून मग मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट. यासाठी जुना तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. माझा मंद झाला.

घूंऽऽ कमी झाली. गेली नाही. इथे माझे तीन शनिवार-रविवार गेले.

पहिली चूक ही की, मी त्या आवाजाला नुसतं ‘हम’ म्हणत होते, नीट ऐकतच नव्हते. मेन्स, म्हणजे घरची वीज, ५० हर्ट्झची असेल तर रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. कपॅसिटर थकले की ती ऐकू येते. गिटारवर हा स्वर सापडतो: सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी, ९८ हर्ट्झ. आधीची घूंऽऽ बरोबर तिथे जुळायची. आता उरलेली एक सप्तक खाली होती, म्हणजे ५० हर्ट्झ. म्हणजे रोगच दुसरा, आणि मी अजून कपॅसिटरकडेच डोळे वटारून बसले होते.

व्हॉल्यूम शून्यावर नेला की आवाज जायचा, वाढवला की वाढायचा. म्हणजे मूळ व्हॉल्यूमच्या आधी. केबल लावलेली नव्हती, त्यामुळे गिटारवर आळ घेता येईना. अ‍ॅम्प बंद करून पहिला १२एएक्स७ काढला, पुन्हा चालू केला, तर शांत. दुसरा नवा घातला, तर पुन्हा घूंऽऽ. व्हॉल्व्ह निर्दोष. उरली त्याच्या हीटरची, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेची, वीज.

हीटरला ६.३ व्होल्ट एसी जातो. माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या त्या वाइंडिंगला (तारेच्या वेटोळ्याला) सेंटर टॅप, म्हणजे मधोमध काढलेली तार, नाही, म्हणून पायलट लॅम्पपाशी (अ‍ॅम्प चालू असल्याचा दिवा) १०० ओहमचे दोन रेझिस्टर आहेत, दोन्ही तारांवरून एकेक चासीला. दोन्ही बाजू समतोल राहिल्या की त्यांचा हम एकमेकांना बराचसा मारतो. मी मीटर लावला. पहिला: १००. दुसरा: १००. रंगपट्टे तपकिरी-काळा-तपकिरी, आकडा शंभर, तक्रारीला जागा नाही. आणि मी पुढे गेले.

पुढे म्हणजे कुठे? ग्राउंडचे सगळे जोड परत सोल्डर केले. इनपुटला शील्डेड वायर ओढली. हीटरच्या तारा उसवून पुन्हा घट्ट पिळल्या. लाकडी काडीने एकेक जोड टोचत बसले. घरातले म्हणाले, असू दे ना, एवढा काही येत नाही. म्हणजे तेच वाक्य, नवीन तोंडून.

शेवटी पायलट लॅम्पचं होल्डर सैल होतं म्हणून एका रेझिस्टरचं टोक सोडवलं आणि सहज मीटर टेकवला. ओपन! आत पार तुटलेला, बाहेरून टवटवीत. मग शंभर कुठून दिसत होते? हीटरचं वाइंडिंग म्हणजे मीटरच्या दृष्टीने जवळजवळ नुसती तार. ती दोन्ही रेझिस्टरची वरची टोकं जोडते, खालची टोकं चासीवर एकत्र आहेतच. दोन्ही शाबूत असते तर ते समांतर आले असते आणि मीटरने ५० दाखवायला हवे होते. मला दोन्ही वेळा एकच, जिवंत असलेला, दिसत होता. १०० हाच बिघाडाचा आकडा होता आणि मी त्यालाच पास केलं होतं. सर्किटमध्ये मोजलेल्या ओहमवर विश्वास टाकण्याआधी एक टोक सोडवाच.

नवी जोडी लावली, मीटरवर पन्नास. व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन स्पीकरला कान लावला. नुसती हलकी सळसळ.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. स्पीकर जोडल्याशिवाय हा अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि मेन्सची दोन तारांची कॉर्ड असेल तर बाकी कशाच्याही आधी तीन तारांची लावून चासी अर्थ करा.

दुरुस्तीवाल्याकडून काढलेले व्हॉल्व्ह मी मागून आणले होते. ते काल परत लावून पाहिले. नळीत उरलेला वायू शोषणारा गेटरचा चंदेरी लेप शाबूत, आवाज स्वच्छ. सध्या तेच लावलेत, बिलातले नवे डब्यात आहेत.