तुम्ही विचारलेत म्हणून: पोकळ पॅनेल इतके महाग का?

विमानासाठीच्या धातूच्या हनीकोम्ब पॅनेलमध्ये (दोन पातळ पत्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखा गाभा) बहुतेक जागा हवेचीच असते, तरी ते इतके महाग का आणि स्वस्त कसे करता येईल, असे मला नेहमी विचारले जाते. विचारणाऱ्याचा रोख बहुधा स्वस्त धातूकडे असतो. खर्च मात्र धातूपेक्षा जुळणीवर अधिक होतो, आणि त्यातला बराचसा ड्रॉइंगवरच ठरून गेलेला असतो.

अ‍ॅल्युमिनियमचा गाभा करणे त्या मानाने सोपे. मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या फॉइलवर चिकटद्रव्याच्या रेघा ओढून थर रचतात, दाबाखाली पक्के करतात, ठोकळ्याचे काप काढतात आणि काप ताणला की षटकोनी घरे उघडतात. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो: गाभा उतरत्या जाडीत कापताना नाजूक भिंती चिरडतात, कडा बंद करायला वेगळे भाग लागतात, प्रत्येक इन्सर्टभोवतीची (स्क्रू-बोल्ट घेण्यासाठी गाभ्यात बसवलेल्या तुकड्याभोवतीची) घरे राळेने भरावी लागतात. एखादा पत्रा मधोमध विभागून त्यात गाभा घातला आणि एकूण जाडी चौपट केली, तर ताठपणा सुमारे 37 पट होतो आणि वजन जेमतेम 6 टक्के वाढते. गाभा इतका हलका असताना काही ग्रॅम वाचवण्यासाठी त्याला उतार देण्याचा हट्ट मला अनेकदा अनाठायी वाटतो. एकसारख्या जाडीचा, मोजक्या इन्सर्टचा सपाट पॅनेल पुष्कळ काम वाचवतो.

पोलादी पॅनेलमध्ये हे गणित आणखी कठोर होते. 1964 मध्ये उडालेल्या ‘एक्सबी-70’ या ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या अमेरिकी विमानात ब्रेझिंग केलेले (म्हणजे आधी वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेले) स्टेनलेस पोलादाचे हनीकोम्ब होते, आणि पहिल्या विमानाच्या आवरणाचे तुकडे उड्डाणात सुटलेही. ब्रेझिंगचा वितळलेला मिश्रधातू केशाकर्षणाने फटीत शिरतो. फट वाढली की सांधा अर्धवट राहतो, म्हणून पैसा अचूक बसणाऱ्या भागांवर आणि साच्यांवर जातो.

एका ठिकाणी मात्र मी काटकसर करू देत नाही: चिकटवण्यापूर्वीची पृष्ठभागाची प्रक्रिया. फॉस्फोरिक आम्लातील अ‍ॅनोडायझिंग (विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढवणे) गाळले तर पॅनेल त्या दिवशी चिकटतो, पण पुढे ओलावा शिरून सांधा सुटत जातो. अल्ट्रासॉनिक तपासणी सुटलेला सांधा दाखवते. चिकटलेला पण कमकुवत सांधा तिला चांगल्यासारखाच दिसतो.