आमची वाटचाल: पुसण्याआधी तलवार वाचायची

आमच्या पेढीचं मूळ काम म्यानांचं: फाटलेलं कातडं शिवणं, म्यानाच्या टोकाची सुटलेली धातूची टोपी बसवणं, पात्याला तेल लावणं. औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, या सगळ्या हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या आणि इंग्रज अफसरांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत इंग्रजी अफसरी तलवारी निघतात. त्यांच्यासोबत प्रश्न यायचे, 'खरी आहे का? कुणाची?' आज दुरुस्ती मागे पडली आहे. तपासणी आणि लेखी अहवाल हेच मुख्य काम आहे. तलवारींची खरेदी-विक्री आम्ही करत नाही. तपासणाराच गिऱ्हाईक असेल तर त्याच्या अहवालाला काय किंमत?

कामाचा क्रम अनुभवाने ठरत गेला आणि त्यात पहिली गोष्ट बदलली ती सफाई. तलवार येते तशीच टेबलावर ठेवतो. खंडेनवमीला चिंच, लिंबू, राख लावून घासलेल्या मुठीचा सोन्याचा मुलामा निघून जातो; तो फक्त परजेच्या, म्हणजे मुठीवर हात वाचवणाऱ्या आडोशाच्या, आतल्या कोपऱ्यात उरतो, म्हणून आधी तिथेच बघायचं. शिकलगाराच्या साणेवर चढलेल्या पात्याचं नुकसान त्याहून मोठं. धार येते, पण बाजूची नक्षी पुसट होते आणि पाठीवर नंबर असला तर तोही जातो.

मग माप. खांद्यापासून, म्हणजे पातं मुठीला मिळतं तिथपासून, टोकापर्यंत सरळ रेषेत, वक्र पात्याच्या कडेने नाही. लहान लोहचुंबक हाताशी ठेवतो: सोन्याचा मुलामा दिलेली पितळी मूठ म्हणून आणलेली वस्तू चुंबकाला चिकटली, तर वर पितळेचा पातळ थर आणि आत लोखंड आहे.

'असईच्या लढाईतली' म्हणून येणाऱ्या तलवारींचा निकाल बहुधा मुठीच्या नमुन्यावरूनच लागतो. इंग्रज आणि मराठे यांच्यातली असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. मुठीवर जाळीदार पितळी परज आणि तिच्यात राजमुद्रेची अक्षरं असलेली पायदळ अफसराची तलवार १८२२ च्या नमुन्याची असते, म्हणजे त्या लढाईनंतरची. असईच्या काळाला शोभतो तो १७९६ चा हलक्या घोडदळाचा नमुना: रिकिबीसारखी एकच पट्टी, साधारण ३३ इंचांचं वक्र पातं, टोकाकडे रुंद होत जाणारं. काळ जुळला म्हणजे लढाई सिद्ध झाली असं मात्र नाही, कारण हा नमुना हिंदुस्थानात पुढेही बराच काळ वापरात होता.

१८२२ च्या नमुन्यातही टप्पे आहेत. सुरुवातीची पाती नळीसारख्या पाठीची. १८४५ पासून त्या जागी पन्हळीचं, म्हणजे बाजूला लांब खाच असलेलं, ३२.५ इंचांचं पातं आलं. परजेचा आतला भाग घडी होत असेल तर तलवार १८५४ च्या आधीची धरावी. त्या वर्षी ही घडी काढून टाकली. पोलादी जाळी आणि तिच्यात बिगुल असेल तर रायफल पलटणीचा अफसर. सलग पोलादी पत्र्याची, नक्षीसाठी छिद्रं पाडलेली परज १८९५ ची. आतली कड खाली वळवलेली असेल तर १८९७ ची. राजमुद्रेची अक्षरं 'व्ही आर' (राणी व्हिक्टोरिया) म्हणजे १८३७ ते १९०१. 'व्ही आर आय' (राणी आणि सम्राज्ञी व्हिक्टोरिया) असेल तर १८७६ च्या आधीची नाही.

खरी गफलत होते ती जोडात. पात्याची शेपटी मुठीतून जाऊन टोकाला ठोकून रिबिट केलेली असते. त्या रिबिटावर ताजी चमक, भोवती ठोक्यांच्या खुणा किंवा खांदा आणि परज यांत फट दिसली, की पातं आणि मूठ वेगवेगळ्या घरची असण्याची शक्यता मोठी. अशी तलवार खोटी नसते, पण अहवालात ती 'जोडलेली' म्हणूनच लिहायची.

नक्षी आणि नाव दहापट भिंगाखाली बघतो. जुन्या अक्षराला गंजाच्या खड्ड्याने खाल्लेलं असतं. रेघ खड्ड्याच्या काठाशी तुटते. नंतर टाकलेली रेघ खड्ड्यात उतरून पलीकडे निघते. नाव खोटं असेल तर ते इथेच उघडं पडतं. '२० डेक्कन हॉर्स' हे घोडदळाच्या पलटणीचं नाव फौजेच्या १९०३ च्या फेररचनेतलं आहे. ते 'व्ही आर'च्या पात्यावर दिसलं तर आधी ही रेघ तपासायची. अफसराने आपल्या जुन्या तलवारीवर पुढे नवं नाव कोरून घेतलेलं असू शकतं, किंवा विकणाऱ्याने.

विल्किन्सन या इंग्रज तलवार कंपनीच्या तलवारीवर खांद्याजवळ सहा टोकांच्या ताऱ्यात बसवलेली पितळी टिकली असते. ती पात्यातल्या भोकात रुतलेली हवी, वर चिकटवलेली नको. नंबर पाठीवर, मुठीजवळ. बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाकला की पुसट आकडे उठतात. कंपनीच्या १८५४ पासूनच्या नोंदवह्यांत नंबरावरून साल मिळतं, पुष्कळदा पहिल्या खरेदीदाराचं नावही. आम्ही सर्वांत जास्त भरवसा यावरच ठेवतो.

मूठ हस्तिदंती असेल तर वन्यजीव कायदा १९७२ लागू होतो. शंभर वर्षांपुढची तलवार परदेशी नेण्यावर पुरावस्तू कायदा १९७२ ची बंदी आहे. दोन्ही गोष्टी अहवालाच्या पहिल्या पानावर छापतो.

तलवार कातडी म्यानात ठेवू नका. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि पातं आतून खातं. हलकं मशीन ऑइल, सुती फडकं, एवढं पुरे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात म्यान आक्रसून पातं अडकलं असेल तर ओढू नका, तसंच घेऊन या.