रजिस्टरातली फुली

सासूबाई गेल्यावर त्यांच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या लग्नाच्या नोंदीचा फोटो होता. गाव ग्वेनॅप, इंग्लंडातला परगणा कॉर्नवॉल, साल १८४३. व्यवसाय खाणकामगार. सहीच्या जागी फुली, लिहिता न येणाऱ्याची खूण: एक रेघ लांब, दुसरी मध्येच थांबलेली, टोकाला शाईचा ठिपका. लेखणी बराच वेळ कागदावर टेकून राहिली असावी.

मी मूळची वाईची. आमची वंशावळ त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वहीत आहे, आजोबांच्या सहीसकट. इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमध्ये, माझ्या मुलांच्या पूर्वजाची मात्र एक फुली. ती मला स्वस्थ बसू देईना.

पहिला घोळ वयाचा. बाप्तिस्म्याची नोंद १८१८ ची, म्हणजे १८४१ च्या जनगणनेत तो तेवीसचा हवा. तिथे लिहिलंय वीस. आठवडाभर मी त्याला परकाच समजत होते. मग कळलं, त्या जनगणनेत पंधराच्या वरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. तेवीसचे वीस. आपलाच माणूस!

१८४८ मध्ये नवरा-बायको निघाले. दक्षिण ऑस्ट्रेलियात जमिनी विकून आलेल्या पैशातून मजुरांचं जहाजभाडं भरलं जाई. समुद्रात तीन-साडेतीन महिने, आणि मग ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘बरा’ (Burra) नावाचं गाव. तिथे १८४५ मध्ये तांबं लागलं होतं. घरं पुरेशी नव्हती, म्हणून खाणकामगारांनी ओढ्याच्या काठात बिळं कोरून संसार थाटले. त्यातली दोन अजून जपून ठेवली आहेत. मी आत वाकून गेले, भिंतीला हात लावला. ओलसर, गार माती. पाठ सरळ करायला जागा नाही.

१८५० च्या मृत्यूनोंदीत त्यांचं चौदा महिन्यांचं बाळ आहे. कारण: ताप. खबर देणारा: बाप. आणि पुन्हा फुली. ते पान मी फार वेळ बघू शकले नाही.

पुढच्याच वर्षी ओढ्याला पूर आले आणि ती बिळं राहण्याजोगी उरली नाहीत. शेजारच्या व्हिक्टोरियात सोनं सापडल्यावर ‘बरा’ गावातली निम्मी-अधिक माणसं तिकडे धावली. तोही गेला असेल, पण कागद काही बोलत नाही, म्हणून मीही ठामपणे म्हणत नाही. सापडतो तो थेट दक्षिण ऑस्ट्रेलियातल्याच मून्टा गावात. तिथे १८६१ मध्ये तांबं निघालं आणि कॉर्नवॉलची माणसं आपापली चॅपल्स (छोटी प्रार्थनाघरं), रविवारच्या शाळा घेऊन वसली.

मून्टाच्या चॅपलचं १८७४ चं लग्नाचं रजिस्टर. त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न. साक्षीदारांच्या रकान्यात बापाचं नाव, अख्खं, त्याच्याच हातचं. अक्षरं मोठी, एकमेकांपासून फटकून उभी. एक राहून गेलेलं, ते नंतर वर कोंबलेलं. छप्पन्नाव्या वर्षी! त्याला कुणी शिकवलं, चॅपलच्या शाळेने की घरात मुलीने? मला वाटतं, मुलीनेच. नवऱ्याला बोलावून दाखवलं, तर तो बोट त्या अक्षरांवरून हलकेच फिरवत राहिला.

त्याच्या सहीखाली बायकोची फुली आहे. लग्नाआधी ती ग्वेनॅपच्या खाणीवर हातोड्याने धातूचे दगड फोडायची, एवढंच अजून हाती लागलंय. कालपासून तिची नोंदवही उघडली आहे.